डाव्या बाजूचा बुश

लोहगडवाडीचा कोंडू कारखान्यात पुन्हा एकदा डावाच बुश मागायला आला, तेव्हा रतनच्या डोक्यात जो किडा वळवळायला लागला तो काही केल्या थांबेना.

बुश म्हणजे फार मोठी वस्तू नव्हे. भात भरडायच्या हातयंत्राचा आडवा कणा दोन्ही टोकांना ज्या पितळी कड्यांत फिरतो, ती कडी म्हणजे बुश. ती झिजते म्हणून कणा वाचतो. कण्याला टोकं दोन, म्हणून बुशही दोन, आणि कणा एकच असल्यामुळे दोन्ही बरोबरच झिजायला हवेत, एवढं शेंबड्या पोरालाही कळेल. कामशेत म्हणा, वडगाव म्हणा, सगळीकडची माणसं जोडीच न्यायची. लोहगडवाडीचंच काहीतरी निराळं होतं. तिकडचा माणूस गड उतरून यायचा, कनवटीतून पानासारखा पातळ झालेला डावा बुश काढायचा आणि म्हणायचा, "ह्याच्यासारका द्या."

"आणि उजवा?" रतनने विचारलं.

"उजवा हाय की चांगला."

"कोंडूभाऊ, उजवा तुम्ही देव्हाऱ्यात ठेवता की काय?"

कोंडू हसला, तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि नवा बुश घेऊन चालू लागला. त्याला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. डावा बुश झिजतो, उजवा झिजत नाही. गाय दूध देते, बैल देत नाही.

लोणावळ्याच्या बाजारामागे अंबाजीशेठांचा हा कारखाना. कारखाना म्हणायचं खरं, पण पत्र्याची एक शेड, एक भट्टी आणि हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे कामगार. शेठ स्वतः शेडच्या वरच्या खोलीतच राहायचे. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून तिथे भात भरडायचं एक यंत्र तयार व्हायचं. त्याला दोन बाजूंना दोन मुठी, समोरासमोर दोन माणसं बसून फिरवणार. लोक त्याला जोडमूठ म्हणत. मग पुण्याहून फिटरचं काम शिकून रतन आला आणि त्याने नवं यंत्र केलं. उजवीकडे जड चाक, त्यालाच एक मूठ, आणि वरचं चाडं असं, की टोपलीभर भात एकदम ओता, ते आपोआप थोडं थोडं खाली उतरतं. एकटं माणूस सगळं करू शकेल. त्याचं नाव पडलं एकमूठ. साठ सालानंतरच्या त्या दिवसांत मावळात एकमूठ हळूहळू जायला लागली होती आणि रतनची कॉलरही त्याबरोबर ताठ झाली होती.

अडचण भट्टीची होती. भट्टी एकच, ती आठवड्यातून एकदा पेटायची, आणि तिच्यातला धातूचा निम्मा रस जुन्या जोडमुठींच्या सुट्या भागांत जायचा. एकमूठ मागणारी माणसं ताटकळत बसायची.

"मला एक आकडा हवाय रतन," शेठ एके दिवशी म्हणाले. "जुन्या यंत्राला आपण किती वर्षं सुटे भाग पुरवायचे? मोटारवाले म्हणे दहा वर्षं पुरवतात. माझ्या ओळखीचा एक पंपवाला आहे, तो तिसऱ्या वर्षी हात वर करतो. माझे वडील म्हणायचे, विकलं ते आपलंच. ते वडील होते, त्यांना एकच यंत्र सांभाळायचं होतं. तू सांग."

"पाडव्याला बंद करा," रतन एका दमात म्हणाला. "लाकडी साचे भट्टीत घाला आणि मोकळे व्हा."

शेठांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "नवं यंत्र तुझं, तेव्हा तू असंच म्हणणार. आधी एकदा फिरून ये. जी माणसं जुनं सोडत नाहीत ती का सोडत नाहीत ते बघ, आणि मग आकडा सांग. तू सांगशील तो बोर्डावर रंगवून दारात लावतो. मग कोणी विचारायचं नाही आणि आपणही कोणाला तोंड लपवायचं नाही."

शेठांना रतनची घाई कळली होती, पण तिचं मूळ त्यांना ठाऊक नव्हतं. रतनने ते कोणालाच सांगितलं नव्हतं. लहानपणी तो पलीकडच्या खोऱ्यातल्या एका गावात राहायचा. गावात भात भरडायचं ते सावडीनं, म्हणजे आज मी तुझ्या कामाला, उद्या तू माझ्या. त्याची आई भामाबाई एकदा सावड मागायला गेली होती आणि तिचा पदर धरून तोही. ओसरीवरची बाई म्हणाली होती, तुमचा हात आमच्या भाताला कसा लावायचा? एवढंच बोलून ती आत गेली. गावाबाहेरच्या घरांना सावड नव्हती, हे त्या वयातही त्याला समजलं. पुढे छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली, गाव सोडलं, कुसगावात बिऱ्हाड केलं, भाताचं एक खाचर कसायला घेतलं. पण त्याआधीची कितीतरी वर्षं भामाबाईनं उखळात एकटीनं कांडून काढली होती. घरात मुसळही एकच होतं. एकमूठ रतनने केली ती तिच्यासाठी, आणि पहिली एकमूठ कारखान्यातून निघाली ती तिच्याच दारात गेली. जगातल्या सगळ्या जोडमुठी मोडीत गेल्या असत्या तरी त्याला वाईट वाटलं नसतं.

तरी डाव्या बुशाचं कोडं डोक्यातून जात नव्हतं. म्हणून फिरायचंच आहे तर आधी लोहगडवाडी, असं ठरवून तो एका सकाळी मळवलीला गाडीतून उतरला आणि भाजे गावावरून वर चढला. वाटेत तर्क चालूच होते. कणा वाकडा असेल. यंत्र उतरत्या जागेवर ठेवलं असेल. ही माणसं एका बाजूलाच तेल घालत असतील. खिंडीत पोचेपर्यंत त्याने तेलावर शिक्कामोर्तब केलं होतं आणि समजावून सांगायचं भाषणही मनात तयार होतं.

वाडीत यंत्र एकच होतं, सगळ्यांचं मिळून. एका मांडवाखाली सपाट फरशीवर ठेवलेलं. रतनने पहिल्यांदा पाणसळ लावली. जागा सरळ. कणा फिरवून पाहिला. तोही सरळ. तेल दोन्हीकडे असं चोपडलेलं, की हात काळेकुट्ट झाले. भाषण घशातच राहिलं.

"काय बगतोस रं?" टोपली घेऊन आलेल्या एका बाईने विचारलं. ही चिमाबाई. कोंडूची शेजारीण, केस पिकलेले, आवाज मात्र अजून खणखणीत. त्या दिवशी भरडायची पाळी तिची होती.

"कारखान्यातून आलोय मावशी. तुमचा डावाच बुश का झिजतो ते बघायला."

"मंग बस आनि बग," असं म्हणून ती यंत्राच्या उजव्या बाजूला मांडी घालून बसली. डाव्या बाजूला कोंडू बसला. यंत्र घरघरायला लागलं.

रतन बुशाकडे टक लावून बसला होता. बराच वेळ त्याला काही दिसेना. मग त्याची नजर बुशावरून वर गेली, हातांवर. कोंडूचे दोन्ही हात मुठीवर होते आणि मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. चिमाबाईचा एकच हात मुठीवर, तोही नुसता टेकलेला. दुसऱ्या हाताने ती टोपलीतलं भात मूठमूठ यंत्राच्या तोंडात सोडत होती, म्हणजे वैरण घालत होती. ओढत होता तो एकटा कोंडू. सगळा जोर डावीकडून येत होता.

"मावशी, तुम्ही तर ओढतच नाही!"

"मी कशी ओडू? भात माजं हाय. ज्याचं भात त्यानं वैरन घालायची. मला काय चार हात हायेत?"

"मग कोंडूभाऊच एकटे ओढणार?"

"आरं, उद्या माजं भात आसंल," कोंडू धापा टाकत म्हणाला, "तवा मी तिकडं बसंन आनि ही हितं बसंल. तवा बग कशी ओडतीया म्हातारी."

"तर! तुज्यापरास जास्त."

रतन मोठ्याने हसला. एवढं सोपं होतं तर! वाडीत जो तो आपल्या भाताला उजवीकडे बसत होता, आणि दुसऱ्याच्या भाताला डावीकडे. उजवीकडे कोणी कधी जोर लावतच नव्हतं. खालच्या गावांत मजूर लावून भरडतात, दोन मजूर दोन्हीकडून ओढतात, वैरणीला तिसराच असतो, म्हणून तिथे बुश बरोबरीनं झिजतात. कितीतरी दिवसांचा किडा एका क्षणात शांत झाला आणि त्याला गंमत वाटली. मग त्याच्यातला फिटर जागा झाला.

"पण मग वैरणीला तिसरं माणूस बसवा ना. दोघांनी ओढलं तर काम निम्म्या वेळात होईल, बुशही टिकतील."

"न्हाई बाबा," चिमाबाई म्हणाली. "दुसऱ्याचा हात भाताला लावत न्हाईत."

रतनचं हसू तिथल्या तिथे मावळलं. ते वाक्य त्याने ऐकलेलं होतं. त्या ओसरीवरचं. त्याचा आवाज नको तेवढा धारदार झाला.

"कुणाचा हात?"

"कुनाचाबी. माज्या सख्ख्या भावाचाबी न्हाई. उद्या मूठभर भात कमी निगालं तर मनात आडी नको. आपलं भात आपल्या हातानं घालावं, ओडायला मातर शेजारी."

शब्द जवळपास तेच होते आणि अर्थ पार वेगळा होता.

तेवढ्यात खालच्या अंगाने ओरड आली की कोंडूची म्हैस दावं तोडून कुणाच्या तरी वावरात शिरली. कोंडू शिव्या घालत पळाला. चिमाबाईने रिकाम्या मुठीकडे पाहिलं, मग रतनकडे.

"बस की. निसता बगत काय बसलाईस?"

रतन जागचा हलला नाही. लपवून बसायचं आणि मागून कळायचं, याचा त्याला फार तिटकारा होता. "मावशी, आम्ही बौद्ध आहोत. छप्पन साली धम्म घेतलेले. आधी सांगितलेलं बरं."

"मी इचारलं का?" चिमाबाई म्हणाली. "आमाला तरी खालच्या गावात कोन पंगतीला बशिवतंय? हात हायेत न्हवं दोन? मंग बस."

तो बसला. डाव्या मुठीवर दोन्ही हात ठेवले आणि ओढायला लागला. मूठ चांगलीच जड होती. त्याच कारखान्यात काम करूनही त्याने जोडमूठ कधी दोन फेऱ्यांपलीकडे फिरवलीच नव्हती. टोपली निम्मी होईपर्यंत तळहात भाजून निघाले. समोर चिमाबाई मूठमूठ वैरण घालत होती, मध्येच "हां, आसं, दमानं" म्हणत होती. त्याच्या आयुष्यात कोणी त्याला शेजाऱ्याच्या जागी पहिल्यांदाच बसवलं होतं. डोळ्यांत कोंडा गेला असं दाखवून त्याने बाहीने डोळे पुसले.

टोपली संपल्यावर चिमाबाईने विचारलं, "घर कुटं तुजं?"

"कुसगावला. आई असते तिथे."

"तिचं भात भरडायचंय का आजून?"

"थोडं आहे. पण राहू द्या हो मावशी, एवढ्याशा कामाचं काय!"

"ऱ्हाऊ द्या कसं? तुजी एक सावड माज्यावर चडली. फुकाट ओडून घ्यायला मी काय भिकारीन हाय?"

म्हातारीचं बोलणं ते, असं म्हणून रतनने ते मनावर घेतलं नाही.

कारखान्यात परत आल्यावर त्याने शेठांना सगळं सांगितलं. शेठ पोट धरून हसले. "शेजाऱ्याचा बुश म्हण की! बरं, मग आकडा काय?"

पाडवा म्हणायला रतनची जीभ रेटेना. आणि कायमचं चालू ठेवा म्हणायला मन धजेना. ताटकळणारी गिऱ्हाइकं डोळ्यांपुढे होती, आणि एकमूठ पाहून उजळलेला आईचा चेहराही. "कुणाच्या तोंडाकडं बगाया नको आता," ती त्या दिवशी म्हणाली होती.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "तोवर ती माणसं नव्याला रुळतील."

असा मधला आकडा सांगितला की माणसाला आपण फार समंजस असल्यासारखं वाटतं. रतनलाही वाटलं. शेठांनी रंगाऱ्याला सांगावा धाडला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी रतन कुसगावला घरीच होता. भामाबाई अंगणात एकमुठीवर भात भरडत होती. चाडं काठोकाठ भरलेलं, एका हाताने चाक फिरवणं चाललेलं, केसांवर कोंडा. आणि वाटेवरून चिमाबाई आली. गडावरून चालत आली होती. रतनला पाहून तिने नुसती मान हलवली आणि भामाबाईला म्हणाली, "मी लोहगडवाडीची. तुज्या लेकाची सावड फेडाया आलेय."

भामाबाईचा हात चाकावरच थांबला. तिने एकदा चिमाबाईकडे पाहिलं, एकदा रतनकडे. एवढ्या आयुष्यात सावडीला म्हणून तिच्या अंगणात कोणी आलं नव्हतं. ती पाणी आणायला आत पळाली.

चिमाबाई सरळ यंत्राच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. पदर खोचला आणि मुठीला हात घालायला गेली. तिथे मूठ नव्हती. गुळगुळीत लोखंडी टोपी होती. तिने वाकून खाली पाहिलं, मागे पाहिलं, उठून यंत्राला वळसा घातला आणि पुन्हा त्याच जागी येऊन उभी राहिली.

"मूठ कुटं हाय हिकडची?"

"ह्याला एकच असते मावशी," रतन म्हणाला. "ह्याला दुसरं माणूस लागतच नाही."

हे वाक्य त्याने कारखान्याच्या दारात कितीतरी गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं, छाती पुढे काढून. आज ते तोंडातून निघालं आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

"आस्सं," चिमाबाई म्हणाली. तिने पुन्हा एकदा यंत्राकडे पाहिलं. "मंग मी कुटं बसू?"

भामाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते रतनला पाहवेना. कोणी येत नव्हतं तेव्हा ती अशी दिसली नव्हती. आज दारात माणूस आलं होतं आणि तिच्याकडे त्याला द्यायला जागा नव्हती. ती जागा आपणच बुजवली, हे त्याला लख्ख कळलं.

"मावशी, बसा. चहा घ्या. मी आलोच," म्हणत त्याने सायकल काढली.

कारखान्याच्या दारात रंगारी काम उरकून ब्रश धूत होता. बोर्ड भिंतीला टेकवलेला होता. जोडमुठीचे सुटे भाग आणखी दोन वर्षे मिळतील, त्यानंतर चौकशी करू नये. अक्षरं सुरेख आली होती. रतन आत गेला, फळीवरून जोडमुठीची एक मूठ आणि एक डावा बुश उचलला, पाना घेतला. बाहेर येतो तर शेठ जिना उतरत होते.

"सुट्टीच्या दिवशी? कोणाचं यंत्र बिघडलं?"

"आमच्या घरचं."

"ते तर नवं ना?"

"नवंच आहे शेठ. त्याला दुसरी मूठ नाही."

शेठ त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. रतन घाईघाईने म्हणाला, "कणा आपण जुन्याच साच्यात ओततो. डावं टोक आहेच त्याला, मीच ते टोपीखाली झाकलंय. जुना बुश तिथे चपखल बसेल. इथून पुढे एकमूठ घेणाऱ्याला दुसरी मूठ हवी असेल तर ती देऊ. आणि तो बोर्ड नका लावू."

"मग काय लिहू?"

"डावा बुश मिळेल, एवढंच लिहा."

"किती वर्षं?"

"कोणी मागायला येतंय तोवर."

"तुझं नवं मागे पडेल रतन. भट्टी एकच आहे."

"पडू दे," रतन म्हणाला. बोलताना त्याला वाईट वाटलं, ते खोटं कशाला सांगा, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. शेठांनी बोर्डाकडे पाहिलं, रंग ओलाच होता, आणि रंगाऱ्याला म्हणाले, "घासलेटाचा बोळा आण रे."

कुसगावला तो पोचला तेव्हा दोघी बायका उंबऱ्याशी बसून कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या. त्याने टोपी काढली. तिच्याखाली कण्याचं टोक नव्यासारखं चकचकीत होतं. बुश ठोकून बसवला, मूठ आवळली, तेलाचे चार थेंब सोडले आणि बाजूला झाला.

चिमाबाई डावीकडे बसली. भामाबाई उजवीकडे. चाडं एकदम भरायची सोय होती, पण भामाबाईनं टोपली मांडीशी ओढली आणि मूठभर भात हातात घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं तिला. लहानपणी लांबून पाहिलेलं तिच्या लक्षात असणार.

यंत्र फिरायला लागलं आणि लगेच अडखळलं. भामाबाईनं सवयीने अंगातला सगळा जोर लावला होता. जन्मभर एकटीनं ओढलेला हात, त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

"आगं बाई, ओडू नगंस!" चिमाबाई ओरडली. "तूच ओडलंस तर माजी सावड कशी फिटायची? निसता हात टेकव."

भामाबाईनं हात सैल केला. मूठ आपोआप फिरून तिच्या हाताखाली आली, पुन्हा वर गेली, पुन्हा आली. ती त्या मुठीकडे बघत राहिली.

"आता वैरन घाल," चिमाबाई म्हणाली, आणि भामाबाईनं घातली.